मोहफुले आणि आबकारी : एका निषिद्ध दारूच्या कायद्यांचा इतिहास

२०२१ या एकाच वर्षात महाराष्ट्र शासनाने दारूशी संबंधित दोन निर्णय घेतले. एका निर्णयाने चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेली दारूबंदी रद्द झाली. दुसऱ्या निर्णयाने मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध उठविण्यात आले. पहिल्या निर्णयाची चर्चा दीर्घकाळ होत राहिली. दुसरा निर्णय त्या मानाने उपेक्षित राहिला. वास्तविक पाहता या दुसऱ्या निर्णयामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा होता. एखाद्या झाडाचे फूल वेचून घरात ठेवणे हा अपराध कसा ठरला, तो अपराध पारतंत्र्य संपल्यानंतरही का टिकून राहिला आणि आज निरनिराळी राज्ये याच फुलाच्या दारूस ‘वारसा’ म्हणून का गौरवू लागली आहेत, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीमध्ये आठव्या क्रमांकाच्या नोंदीने मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी व विक्री हे विषय राज्यांकडे सोपविले आहेत, तर एक्कावन्नाव्या नोंदीने मानवी सेवनासाठीच्या मद्यावरील उत्पादनशुल्कही राज्यांच्या वाट्यास दिले आहे. त्यामुळे दारूच्या बाबतीत अवघ्या देशाचा एक कायदा नाही. एका राज्यात जी दारू गुन्हा ठरते ती सीमेपलीकडे परवान्याने विकली जाते आणि तिसऱ्या राज्यात घरच्या घरी गाळण्याची सूट असते. मोहाची दारू हे या विषमतेचे सर्वांत बोलके उदाहरण होय. या कायद्यांचा क्रम पाहिला असता असे दिसते की, दारू प्यावी की पिऊ नये हा प्रश्न त्यांच्या केंद्रस्थानी क्वचितच होता. ती कोणी गाळावी, कोणी विकावी आणि तिच्यापासूनचे उत्पन्न कोणी घ्यावे, हाच त्यांचा खरा विषय राहिला.

१. आबकारीपूर्व काळातील मोह

संस्कृतात ज्यास मधूक म्हटले आहे तो मोह मध्य व पश्चिम भारताच्या पानझडी अरण्यांत सर्वत्र आढळतो. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास त्याची मांसल, गोड फुले पहाटे जमिनीवर पडतात. ती प्रामुख्याने बायका व मुले वेचतात आणि उन्हात वाळवून साठवितात. ही वाळलेली फुले भाकरीच्या पिठात मिसळून, शिजवून अथवा भाजून खाल्ली जातात. बियांचे तेल निघते आणि गुरांनाही फुले चारली जातात. दुष्काळाच्या वर्षी धान्य संपले की वनवासी समाजांचा निर्वाह बऱ्याच अंशी या साठवणीवर चालत असे. मोहाचा विचार केवळ दारूचा कच्चा माल म्हणून करणे ही सरकारी दप्तराची दृष्टी आहे. रानातल्या माणसाच्या दृष्टीने तो प्रथम अन्न आहे.

दारू गाळण्याची रीतही साधी. वाळलेली फुले काही दिवस पाण्यात भिजवून आंबविली की सडवा तयार होतो. तो मडक्यात उकळावयाचा, वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यावयाची आणि ते भांडे पाण्याने थंड ठेवावयाचे. मडकी, नळी, लाकूड आणि पाणी यांपलीकडे त्यास काही लागत नाही. वारली, भिल्ल, गोंड, कोरकू अशा अनेक समाजांत जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य या प्रसंगी ही दारू अर्पण केली जाते. देवास व पितरांस तिचा नैवेद्य दाखविल्यावाचून विधी पुरा होत नाही.

राज्यसत्तेने मद्यावर नियंत्रण ठेवण्याची कल्पना इंग्रजांनी प्रथम आणली असे मात्र नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. विक्रीची ठिकाणे, प्रमाण व दंड यांचे नियम त्यात सांगितले आहेत. तथापि त्याच प्रकरणात कुटुंबीयांना कार्यप्रसंगी घरगुती सुरा करण्याची मुभा आहे आणि उत्सव, समाज व यात्रा यांच्या निमित्ताने चार दिवसांची मोकळीकही आहे. व्यापारी विक्री व घरचे सेवन हा भेद त्या शास्त्रकाराने मानला होता. वसाहतकालीन आबकारीने नेमका हाच भेद पुसून टाकला.

२. फूल हाच गुन्हा : १८७८ ते १८९२

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात आबकारीची नवी घडी बसविण्यात आली. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा हा तिचा पाया होय. त्या वेळी सीमाशुल्क, मीठ, अफू व आबकारी ही खाती एकाच आयुक्ताच्या हाती होती आणि चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने या पुनर्रचनेत पुढाकार घेतला होता. ही बाब केवळ प्रशासकीय तपशिलाची नाही. मिठाच्या बाबतीत जे धोरण होते तेच दारूच्या बाबतीत आले. निसर्गातून सहज मिळणाऱ्या वस्तूचे उत्पादन थोड्या ठिकाणी एकवटावयाचे, तेथे पहारा बसवावयाचा, तिच्यावर जबर कर घ्यावयाचा आणि इतरत्र तीच वस्तू तयार करणे दंडनीय ठरवावयाचे. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मोठ्या भट्ट्यांत दारू गाळण्याची आणि ती मक्तेदारांमार्फत विकण्याची पद्धत रूढ झाली. कुलाबा जिल्ह्यातील उरण हे त्याचे ठळक केंद्र बनले. तेथील भट्ट्या बहुतांशी पारशी मालकांच्या होत्या आणि त्यांना लागणारी मोहफुले पंचमहालासारख्या दूरच्या प्रदेशातून येत. ठाणे जिल्ह्याच्या रानातील फूल मात्र त्या रानातील माणसासाठी संशयास्पद वस्तू ठरले.

ताडी-माडीच्या झाडांवर खुणा करून झाडामागे कर घेता येई. या वाढीव करामुळे किनाऱ्यावरील भंडारी समाजात मोठा असंतोष निर्माण झाला. मोहाच्या बाबतीत हा उपाय चालण्यासारखा नव्हता. झाडे अगणित, फुले आपोआप गळणारी आणि भट्टी कोणत्याही ओहोळाच्या काठी लावता येणारी. प्रत्येक झोपडीवर शिपाई ठेवणे अशक्य असल्यामुळे सरकारची दृष्टी कच्च्या मालाकडे वळली. मोहफुलांवर निर्बंध घालण्याचा एक प्रयत्न १८८० नंतरच्या वर्षांत झाला, पण तो तडीस गेला नाही. गरिबांचे अन्न हिरावले जाईल हा त्यावरील मुख्य आक्षेप होता. अखेर १८९२ मध्ये मुंबई इलाख्याचा ‘म्हौरा’ कायदा झाला. तो प्रामुख्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी होता आणि मोहफुलांचे संकलन, साठा व विक्री यांवर त्याने निर्बंध आणले. इंग्रजी दप्तरात मोहाचे नाव ‘म्हौरा’ असे लिहिले गेले आणि पुढे मराठी बोलणाऱ्या राज्याच्या कायद्यांतही ते तसेच चालू राहिले.

या कायद्याचे वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. दारू गाळणे हा अपराध १८७८ च्या कायद्यानेच झाला होता. १८९२ च्या कायद्याने त्याच्याही मागे जाऊन, दारू गाळली जाण्याची शक्यता हाच अपराध मानला. चुलीवर शिजविण्यासाठी वेचलेले फूल आणि भट्टीसाठी वेचलेले फूल यांत दिसण्यात काहीच फरक नसल्यामुळे, आपण ते खाण्यासाठी ठेवले आहे हे सिद्ध करण्याचा भार वेचणाऱ्यावर पडला. आबकारीच्या शिपायास झडतीचे निमित्त मिळाले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात या स्थित्यंतराचे वर्णन रूढीचे अपराधात झालेले रूपांतर असे केले आहे. ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात इंद्रा मुन्शी सालढाणा यांनीही याच प्रक्रियेचा अभ्यास केला आहे.

हे नियंत्रण इलाख्याच्या सीमेपाशी थांबले नाही. शेजारच्या संस्थानांतून स्वस्त दारू येऊ नये म्हणून तेथील आबकारीचे हक्क करारांनी बांधून घेण्यात आले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातही मीठ व आबकारी यांची ब्रिटिश पद्धतीची व्यवस्था आणली आणि हा तह १८९२ च्या आरंभी संपुष्टात येईपर्यंत ती चालू राहिली.

मध्य प्रांतात वाट थोडी निराळी होती. तेथे दूरच्या अरण्यप्रदेशांत आउटस्टिल पद्धत दीर्घकाळ टिकली. ठरावीक रक्कम भरून एखाद्या परिसरात भट्टी लावण्याचा हक्क ठेकेदारास मिळे आणि तो बहुधा कलार जातीचा असे. फूल वेचण्यास बंदी नव्हती, परंतु दारू मात्र ठेकेदाराकडूनच घ्यावी लागे. १९१५ च्या मध्य प्रांत आबकारी कायद्याने या व्यवस्थेस एकत्रित रूप दिले. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाने आणि २००० नंतर छत्तीसगडनेही हाच कायदा दुरुस्त्यांसह पुढे चालविला. मोहाबाबत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या कायद्यांत आज जो फरक दिसतो त्याचे मूळ या दोन वसाहतकालीन पद्धतींत आहे.

३. सोडण्याचा अधिकार

आबकारीविरुद्ध आवाज उठला तो दोन दिशांनी. शहरी सुधारकांची मद्यपानविरोधी भूमिका सुपरिचित आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये दारूच्या दुकानांना मिळणाऱ्या प्रोत्साहनास विरोध केला होता. १९०८ मध्ये पुण्यातील दारूच्या दुकानांसमोर झालेल्या निरोधनास लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. या चळवळीत नैतिक आग्रहाबरोबरच राजकीय अर्थकारणाचेही भान होते. दारूचा प्रत्येक पेला सरकारच्या तिजोरीत भर घालतो, हे त्या पिढीने नेमके ओळखले होते.

दुसरी दिशा रानातून आली आणि ती अभ्यासकांच्या दृष्टीने अधिक विचारप्रवर्तक आहे. १९२२ च्या आरंभी पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात देवी अंगात येऊ लागली. ती लाट डोंगराळ भागांतून वर सरकत त्याच वर्षाच्या अखेरीस सुरत जिल्ह्यातील आदिवासींत पोहोचली. तेथे सलाबाई या नावाने ओळखल्या गेलेल्या देवीचा आदेश असा होता की, दारू व ताडी सोडा, मांसमासळी सोडा, रोज स्नान करा आणि पारशी दारूविक्रेत्या-जमीनदारांकडे कामास जाऊ नका. हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या आंदोलनाचा सविस्तर मागोवा घेतला आहे.

ज्या समाजाच्या देवकार्यात दारू अपरिहार्य होती त्याच समाजाने देवीच्या आज्ञेने ती सोडावी, ही वरवर पाहता विसंगती वाटते. परंतु आबकारीचा इतिहास समोर ठेवला की ती विसंगती राहत नाही. घरची दारू गुन्हा ठरल्यावर दुकानची दारू उधारीने घ्यावी लागली. उधारीपोटी जमीन गेली आणि जमीन गेल्यावर वेठ आली. दारू सोडणे म्हणजे या साखळीतून बाहेर पडणे होते. पूर्वी रूढीचा भाग असलेली वस्तू आता परक्याच्या सत्तेचे साधन झाली होती, म्हणून तिचा त्याग हे स्वातंत्र्याचे कृत्य ठरले. मोहाच्या दारूचा प्रश्न ‘आदिवासींना दारू हवी’ किंवा ‘आदिवासींना दारू नको’ अशा दोन खणांत बसविता येत नाही, हा या आंदोलनाचा महत्त्वाचा धडा आहे. गाळण्याचा अधिकार आणि सोडण्याचा अधिकार हे दोन्ही त्याच समाजाचे होते. कायद्याने पहिला हिरावला होता आणि दुसरा त्यांनी स्वतः मिळविला.

४. दारूबंदी आणि ‘देशी’ या शब्दाचा अर्थ

१९१९ च्या सुधारणांनंतर आबकारी आणि शिक्षण ही दोन्ही खाती प्रांतिक मंत्र्यांकडे आली. परिणामी दारूच्या उत्पन्नावर शाळा चालवावयाच्या की काय, असा पेच निर्माण झाला. गांधीजींनी तो वारंवार मांडला आणि १९३० च्या त्यांच्या अकरा मागण्यांत संपूर्ण दारूबंदीस पहिले स्थान दिले. काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आल्यावर १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने दारूबंदी लागू केली. डॉ. मंचेरशा गिल्डर हे त्या वेळी आबकारीमंत्री होते. पुढे घटनेच्या अनुच्छेद ४७ ने दारूबंदीचा प्रयत्न हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व मानले.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने आधीच्या आबकारी कायद्यांची जागा घेतली. हेतू बदलला होता. पूर्वीच्या सरकारला दारू विकून उत्पन्न हवे होते, नव्या सरकारला दारूच नको होती. तरीही यंत्रणा फारशी बदलली नाही. झडती, जप्ती आणि मोहफुलांवरील नियंत्रण ही तीनही साधने नव्या कायद्यात कायम राहिली. राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ प्रथम मुंबई राज्यात व नंतर महाराष्ट्रात आला आणि ठाणे-कुलाब्यासाठी घडलेली ही चौकट गडचिरोली-चंद्रपूरच्या मोहवनांपर्यंत जाऊन पोहोचली.

या कायद्याच्या वैधतेचा प्रश्न ‘मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९५१ च्या निकालाने औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांसंबंधीच्या काही तरतुदी अवैध ठरविल्या आणि कायद्याचा मुख्य भाग वैध मानला. सैनिकांना व परदेशीय व्यक्तींना दिलेल्या सवलती समानतेच्या तत्त्वाशी विसंगत नाहीत, असे न्यायालयाचे मत पडले. सवलत देण्यास काही वर्ग पात्र असू शकतात, हे तत्त्व येथे मान्य झाले होते. परंतु विधीसाठी घरी मोहाची दारू गाळणारा समाज असा वर्ग होऊ शकेल काय, हा प्रश्न त्या खटल्यात उद्भवलाच नव्हता. वाद व्हिस्की, ब्रँडी आणि कोलनवॉटर यांचा होता.

१९६० नंतर गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने ती क्रमाक्रमाने सैल केली. १९७३ मध्ये महाराष्ट्राचे देशी मद्याचे नियम आले. या नियमांखाली ‘देशी दारू’ म्हणून जी वस्तू परवानाधारक दुकानांतून विकली जाऊ लागली ती कारखान्यात मद्यार्कापासून बनविलेली होती आणि हा मद्यार्क मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीपासून येत असे. सहकारी साखर कारखानदारी हा या काळातील महाराष्ट्राच्या अर्थकारणाचा व राजकारणाचा कणा होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. ज्या दारूस देशी हे विशेषण सर्वार्थाने शोभले असते ती मोहाची दारू मात्र ‘हातभट्टी’ व ‘गावठी’ या नावांखाली गुन्ह्याच्या नोंदवहीतच राहिली. एकाच कायद्याखाली मळीस परवाना आणि फुलास बंदी, अशी ही विभागणी होती.

‘हातभट्टी’ या सरसकट नावाने आणखी एक अनर्थ केला. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने १०० हून अधिक लोकांचा बळी घेतला. अशा दुर्घटनांच्या मुळाशी बहुधा औद्योगिक मिथेनॉलची भेसळ असते. फुले आंबवून गाळलेल्या दारूशी तिचा संबंध नसतो. परंतु कायद्याच्या व वृत्तपत्रांच्या भाषेत दोन्ही वस्तूंना एकच नाव मिळाल्यामुळे विषाची भीती मोहाच्या मडक्यालाही चिकटली.

५. राज्यागणिक निराळा न्याय

केंद्र शासनाने १९७० च्या दशकाच्या मध्यास आदिवासी क्षेत्रांतील आबकारी धोरणासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. या क्षेत्रांतील दारूचा व्यापारी ठेका बंद करावा आणि घरगुती व धार्मिक वापरापुरती पारंपरिक दारू गाळण्यास मोकळीक द्यावी, असा त्यांचा आशय होता. कौटिल्याने मानलेला व्यापार आणि घर यांतील भेद अशा रीतीने पुन्हा धोरणात आला. तथापि विषय राज्यांचा असल्यामुळे त्याची अंमलबजावणी ज्या त्या राज्याच्या इच्छेवर राहिली.

मध्य प्रदेश व छत्तीसगड यांनी अनुसूचित क्षेत्रांतील अनुसूचित जमातींना ठरावीक प्रमाणात मोहाची दारू घरी गाळण्याची व बाळगण्याची सूट कायद्यातच दिली. विक्री मात्र या सवलतीच्या बाहेर आहे. ओडिशात मोहापासून दारू गाळणाऱ्या आउटस्टिल भट्ट्यांचे परवाने एकविसाव्या शतकातही दिले गेले. वसाहतकालीन ठेकापद्धतीचा तो अवशेष होय. बिहारने एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी स्वीकारली. गुजरातने १९४९ च्या कायद्याचा वारसा न सोडता पुढे नेला. एकाच भिल्ल समाजाची वस्ती आज मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात आणि राजस्थान या चार राज्यांत विभागलेली आहे. अलीराजपूरच्या नातलगाकडे लग्नात जी दारू विधीचा भाग असते तीच दारू सीमा ओलांडून छोटा उदेपूरला गेली की अपराधाची वस्तू होते. सीमा आखताना कोणी त्या समाजास विचारले नव्हते आणि कायदा करतानाही विचारले नाही.

या परिस्थितीत मूलगामी बदलाची शक्यता १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने निर्माण केली. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमात, मादक पदार्थांची बंदी अमलात आणण्याचा अथवा त्यांच्या विक्री-सेवनाचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभा व योग्य स्तरावरील पंचायत यांना असावा, असे म्हटले आहे. त्याला लागूनच गौण वनोपजाच्या मालकीची तरतूद येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही मालकी आणखी दृढ केली. अर्थात कायद्याच्या पुस्तकातील अधिकार प्रत्यक्षात येण्यास विलंब लागला. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आणि मध्य प्रदेशाचे २०२२ मध्ये आले. दरम्यान महाराष्ट्रातील मोहफूल एका कायद्याने वेचणाऱ्याच्या मालकीचे आणि दुसऱ्या कायद्याने निर्बंधाखालचे, अशा दुहेरी अवस्थेत होते. २०२१ च्या निर्णयाने ही विसंगती संपविली. त्या निर्णयाने फूल मुक्त झाले. विनापरवाना दारू गाळणे मात्र अपराधच राहिले, हे विसरता कामा नये.

गडचिरोली जिल्ह्याचे उदाहरण या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. तेथे स्त्रियांच्या व्यापक पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी लागू झाली. मोह हे ज्या जिल्ह्याचे वैशिष्ट्य, त्याच जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूविरुद्ध संघर्ष केला. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने त्याआधीच, दीर्घ चर्चेनंतर एकमताने गावातील दारू बंद केली होती आणि देवकार्यापुरत्या वापरास जागा ठेवली होती. बंदी आणि विधी या दोहोंचा मेळ घालण्याचे काम जिल्हा कचेरीतील आदेशास जमले नसते. ते गावाला जमले, कारण कोणती दारू घर मोडते आणि कोणती देवापुढे ठेवावयाची असते, हे गावालाच ठाऊक होते.

६. निषिद्धाचा वारसा

गेल्या काही वर्षांत मोहाच्या दारूकडे पाहण्याची शासकीय दृष्टी बदलली आहे. गोव्याने या वाटेवर पहिले पाऊल टाकले होते. काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने अबकारी कायद्यात दुरुस्ती करून फेणीस देशी दारूच्या वर्गातून काढून ‘वारसा मद्य’ हा दर्जा दिला. मध्य प्रदेशाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मोहाच्या दारूस ‘हेरिटेज’ मद्य म्हणून विकण्याचे धोरण जाहीर केले. आदिवासींच्या स्वयंसहायता गटांना उत्पादनाचे परवाने देण्याची त्यात योजना होती. त्यानुसार दिंडोरी येथील ‘मोंड’ आणि अलीराजपूर येथील ‘मोहुलो’ या नावांची मद्ये तयार झाली.

महाराष्ट्रातील बदल अधिक चमत्कारिक आहे. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे व मोहफुले यांपासून तयार होणाऱ्या मद्यास ‘विदेशी मद्य’ हा दर्जा देण्याचे ठरविले. कायद्याच्या परिभाषेत विदेशी मद्य हा भूगोलाशी संबंधित शब्द नसून कर, गुणवत्ता व विक्रीची जागा ठरविणारा वर्ग आहे, हे खरे. देशी दारूच्या दुकानापेक्षा वरच्या बाजारपेठेत या मद्यास प्रवेश मिळावा, हा निर्णयामागील हेतूही समजण्यासारखा आहे. तरीही १९७३ मध्ये मळीच्या मद्यास देशी आणि २०२२ मध्ये मोहाच्या मद्यास विदेशी ठरविणारी ही परिभाषा इतिहासाच्या अभ्यासकास थांबून विचार करावयास लावते. वस्तूला नाव देण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे तिचा बाजारही असतो.

या नव्या धोरणांचे स्वागत करण्यास निश्चितच जागा आहे. शतकाहून अधिक काळ ज्या ज्ञानास गुन्हा मानले गेले त्यास प्रतिष्ठा मिळत आहे आणि फुलाला भाव येण्याची शक्यता आहे. परंतु दोन शंका उपस्थित कराव्याशा वाटतात. एक, परवाना, यंत्रसामग्री, बाटली व चाचणी यांचा खर्च पाहता ही संधी वेचणाऱ्या स्त्रीपर्यंत कितपत पोहोचेल? ज्या राज्यांत परवान्यावर आदिवासी गटांचा अग्रहक्क नाही तेथे फूल गावाचे आणि भट्टी बाहेरच्या भांडवलाची, ही उरणच्या काळातील विभागणी पुन्हा उभी राहण्याचा संभव आहे. दोन, वारसा म्हणून शहरातील पर्यटकास विकली जाणारी दारू कायदेशीर आणि त्याच फुलाची घरी गाळलेली दारू बेकायदेशीर, अशी स्थिती जेथे राहील तेथे वारसा नेमका कोणाचा, हा प्रश्न सुटलेला नसेल.

७. समारोप

मोहाच्या दारूविषयीच्या कायद्यांत चार टप्पे दिसतात. वसाहतकालीन आबकारीने घरगुती गाळप मोडून दारू मक्तेदाराच्या हाती दिली. स्वातंत्र्योत्तर दारूबंदीने उदात्त हेतूने तीच बंधने चालू ठेवली. नंतरच्या परवाना पद्धतीने कारखान्यातील मद्यास बाजार दिला आणि फुलास वगळले. अलीकडच्या वारसा धोरणाने फुलास बाजारात आणले, पण परवान्याच्या अटीवर. या चारही टप्प्यांत निर्णय बाहेरून आला, हे त्यांतील समान सूत्र होय.

याच्या समांतर दुसरा एक इतिहास आहे. देवीच्या आज्ञेने दारू सोडणारे आदिवासी, गडचिरोलीच्या स्त्रिया आणि मेंढ्याची ग्रामसभा ही त्याची पाने आहेत. या तिन्ही ठिकाणी दारूविषयीचा निर्णय तिच्याशी ज्यांचे जगणे जोडलेले होते त्यांनीच घेतला आणि तो पिण्याच्या बाजूने नव्हता. ग्रामसभेच्या हाती अधिकार दिल्यास दारूचा सुळसुळाट होईल, या नेहमीच्या भीतीस हा इतिहास दुजोरा देत नाही. ‘पेसा’ कायद्याने बंदी आणि नियमन या दोन्ही शब्दांना एकाच वाक्यात स्थान दिले, त्यामागे हीच समज दिसते. राज्याराज्यांतून मोहाविषयी आज नवे नियम लिहिले जात आहेत. ते लिहिताना १८९२ पासून न विचारला गेलेला प्रश्न विचारला गेला, तर या दीर्घ इतिहासाचे काही सार्थक होईल. तो प्रश्न असा, की फूल ज्या अंगणात पडते त्या अंगणाचे म्हणणे काय आहे?